वर पाना मिळत नाही

माझी टिकली एका जर्मन संस्थेच्या अधिकृत यादीत आहे. अजून असेल. राइनराउम नावाच्या बंद खोलीच्या दारावर प्लास्टिकच्या कव्हरात 'आत आणायच्या नाहीत अशा वस्तू' म्हणून तेरा नावं टाइप केलेली होती: पेन्सिल, लोकरीचा स्वेटर, अत्तर, पावडर, असं काय काय. मी पीएच.डी.ला रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याखाली शाईने चौदावं नाव आलं. टिकली. मला दोनदा स्पेलिंग विचारून, रोमन अक्षरांत नीट लिहून, पुढे तारीख आणि सही.

"पडली तर?" एवढंच ती यादी लिहिणाऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं.

मी म्हटलं, पडत नाही हो, चिकटलेली असते.

"चिकटलेली प्रत्येक वस्तू कधीतरी पडते, फ्राऊ डॉक्टोरांडिन," ते म्हणाले आणि एक छोटी काचेची डबी माझ्यापुढे धरली. पुढची चार वर्षं मी रोज सकाळी त्या डबीत टिकली काढून ठेवायची आणि संध्याकाळी परत लावायची. त्या चार वर्षांत त्यांनी मला नावाने एकदाही हाक मारली नाही. मी डॉक्टरेट करणारी मुलगी, म्हणून फ्राऊ डॉक्टोरांडिन. त्यांचं नाव मीही इथे सांगत नाही, फिट्टंफाट.

ते आमच्या संस्थेतले मुख्य तंत्रज्ञ. जर्मनीतल्या बॉबलिंगेनपासून एस-बानने, म्हणजे लोकलने, अर्ध्या तासावरच्या एका विद्यापीठात आम्ही एक उपग्रह बनवत होतो. उपग्रह म्हटलं की लोकांना काहीतरी भव्य वाटतं. आमचा साखरेच्या डब्याएवढा होता. चारी बाजूंनी सौर पट्ट्या लावलेला, वजनाने किलोभर. वर गेल्यावर त्याने पृथ्वीभोवती फिरत मोर्समध्ये टिट्-टिट् करून स्वतःचं नाव सांगायचं आणि दोन-तीन प्रयोग करायचे, एवढंच. पण धुळीचा एक कण नको, तेलाचा एक थेंब नको, म्हणून तो राइनराउममध्ये राहायचा, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत, आणि त्या खोलीचे मालक हे.

आमच्या सांगलीच्या आत्याचं सोवळं मी लहानपणी पाहिलेलं. आत्या निदान सणावारापुरतं पाळायची, हे बारा महिने पाळायचे. बाहेरचे बूट, मधले बूट, आतले बूट. डोक्याला जाळी, माझ्या वेणीला दोन जाळ्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्याजवळ येऊन हवा हुंगली आणि म्हणाले, "कोकोस?" मी म्हटलं, खोबरेल, रविवारी डोक्याला लावलं होतं. त्यांनी मला घरी धाडलं. शिव्या नाहीत, आवाज नाही, फक्त दार उघडून धरलं. रविवारी आईला फोनवर सांगितलं तर ती पोट धरून हसली. "अगं, हा तर सोवळ्यातला भटजी दिसतोय!" तेव्हापासून आमच्या फोनवर ते भटजीच झाले. बाबांची खुशाली राहू दे, आई आधी विचारायची, "काय म्हणतायत भटजी?"

भटजींचं एक पालुपद होतं. कुणी घाई केली, कुणी 'चालेल की' म्हटलं, कुणी स्क्रू एकदाच आवळून पुढे गेलं, की भटजी म्हणायचे, "वर पाना मिळत नाही." म्हणजे एकदा ते वर गेलं की तिथे जाऊन कुणी ढिला स्क्रू आवळणार नाही. दिवसातून दहा वेळा ऐकायचो. मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली ती या वाक्यामुळे, कारण माझे बाबा सांगलीच्या एमआयडीसीत लेथचा वर्कशॉप चालवतात आणि जवळजवळ हेच वाक्य ते उसाच्या ट्रॅक्टरबद्दल म्हणतात. "शेतात मधोमध बंद पडला तर तिथं काय तुझा काका पाना घेऊन बसलाय?"

आता गंमत बघा. आयुष्यभर ज्याने अंतराळात जाणाऱ्या वस्तू बनवल्या तो माणूस विमानात कधी बसला नव्हता. का, तर विमान त्यांनी स्वतः तपासलेलं नसायचं. सुटीत सायकलने ठरलेल्या एकाच तळ्यावर जायचे आणि सायकलचे नटबोल्ट आदल्या दिवशी आवळायचे. डब्यात रोज काळा पाव, चीज आणि एक सफरचंद. खिशातल्या चाकूने सफरचंदाच्या आठ फोडी, सात नाही, नऊ नाही. पावणेबाराला 'माल्त्साइट', म्हणजे जेवणाची वेळ झाली, असं म्हणून उठायचे आणि सव्वाबाराला परत. तुम्ही घड्याळ लावून घ्या.

आणि केक! ते सांगायलाच हवं. जर्मन ऑफिसात वाढदिवस ज्याचा त्यानेच केक आणायचा असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. भटजींनी त्यात भर घातली होती: ज्याच्यामुळे उशीर, त्याचा केक. चूक केली, तपासणी पुन्हा करावी लागली, तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या कॉफीला कूखन घेऊन हजर व्हायचं. आमच्या संस्थेच्या प्रमुख प्रोफेसरसाहेबांनी स्वतः दोनदा आणलेला. अडतीस वर्षांत भटजींनी मात्र चुकीचा केक एकदाही आणला नव्हता, आणि हे ते सांगायचे नाहीत, बाकीचे सांगायचे.

उशीर म्हणाल तर आमच्या नशिबी पाचवीला पुजलेला. आमचा डबा जाणार होता भारतातून, आपल्याकडच्या रॉकेटवरून, आणि तो रॉकेटचा मुख्य प्रवासी थोडाच! मुख्य उपग्रह कुणा दुसऱ्याचा, मोठा, महागडा. आम्ही कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. लग्नाच्या वऱ्हाडाची बस कशी, नवरदेवाचा मामा आल्याशिवाय हलत नाही, मागच्या सीटवरची पोरं किती का तयार असेनात! तसं आमचं. त्या मोठ्या उपग्रहाचं काहीतरी राहायचं आणि तारीख पुढे जायची. मार्चची जुलै, जुलैची सप्टेंबर.

पहिल्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा भटजी माझ्याकडे वळले. "आल्झो, फ्राऊ डॉक्टोरांडिन. उद्या केक."

"मी? मी काय केलं?"

"रॉकेट तुमच्या देशाचं."

"अहो, पण उशीर रॉकेटमुळे नाही! तो मोठा उपग्रह तर युरोपातला आहे!"

"तिथले इथे कुणी नाही. तुम्ही आहात."

कपाळ माझं! पहिल्यांदा रव्याचा केक केला. दुसऱ्यांदा कंटाळा आला म्हणून शंकरपाळ्या नेल्या. त्यावर पाऊण तास खल झाला. याला कूखन म्हणायचं का? भटजींनी एक शंकरपाळी मोडून पाहिली, आत पाहिलं, हुंगली. "मैदा आहे?" आहे. "साखर?" आहे. "तूप?" भरपूर. "मग आहे कूखन," त्यांनी निकाल दिला आणि बशी रिकामी केली. पुढच्या वेळी तारीख पुढे गेली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क आशा दिसली.

पण या सगळ्या विनोदाखाली एक गोष्ट होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. भटजी डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. पासष्ट म्हणजे पासष्ट. प्रोफेसर म्हणाले, थोडी मुदत वाढवून मागू का? भटजी म्हणाले, "नाइन, नाही. नियम आहे."

अडतीस वर्षं त्यांनी इतरांच्या उपग्रहांचे भाग बनवलेले. कुणाची खोकी, कुणाच्या कड्या, कुणाचे अँटेनाचे दांडे. बनवायचं, तपासायचं, पेटीत घालायचं, पत्ता चिकटवायचा. ट्रक यायचा आणि जायचा. पुढे त्याचं काय झालं ते पेपरात. एक तर रॉकेटसकट समुद्रात गेलेलं. स्वतः बनवलेली एकही वस्तू वरून बोलताना त्यांनी ऐकली नव्हती. हा साखरेचा डबा पहिला असा, जो पूर्ण आमच्याच संस्थेचा, आणि त्याचा आवाज आमच्याच गच्चीवरच्या अँटेनावर येणार होता. त्याची एक जाड लॉगबुक होती. पहिल्या पानावर भटजींच्या अक्षरात नियम, त्यातला शेवटचा: या वहीच्या शेवटच्या ओळीवर सही त्याची, जो याचा आवाज प्रथम ऐकेल. ती ओळ त्यांनी आधीच पट्टीने आखून ठेवली होती. ती सही त्यांना हवी होती. बोलले कधीच नाहीत, पण नवीन तारीख आली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे आणि मग डिसेंबरच्या पानाकडे.

शेवटी नोव्हेंबर ठरला. डबा ऑक्टोबरच्या शेवटी भारतात पोचवायचा होता. वेळेत बसत होतं. भटजी शीळ घालायला लागले, देवाशपथ, शीळ!

आणि तिथे मी माती खाल्ली.

आमच्या घरात दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. त्या दिवशी वर्कशॉपमधलं प्रत्येक मशीन, प्रत्येक पाना, पक्कड धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याची सुटी. बाबा वर्षभर देवळात जात नाहीत, पण खंडेनवमीला लेथला हात जोडतात. मी चार वर्षं परदेशात, आणि त्या वर्षी आई फोनवर म्हणाली, "अगं, एवढं मोठं काम सुटायचंय, हत्यारांची पूजा केलीस का?" आईने पाठवलेली सांगलीची हळद आणि बॉबलिंगेनच्या एका वहिनींनी दिलेली कुंकवाची डबी माझ्या पर्समध्ये होतीच.

आत राइनराउममध्ये काही न्यायचं नाही, एवढी अक्कल मला होती. पण बाहेरच्या छोट्या खोलीत निळ्या कापडावर भटजींची हत्यारं मांडलेली असायची. पावणेबाराला ते जेवायला गेले. मी स्क्रू मोजून आवळायच्या त्यांच्या टॉर्क पान्याच्या मुठीवर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट लावलं, घरच्या कुंडीतून आणलेलं झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. मग फूल उचललं आणि मूठ स्पिरिटच्या फडक्याने स्वच्छ पुसली. पुसून पाहिलं, काही दिसत नव्हतं. सव्वाबाराला भटजी आले, पाना उचलला आणि आत गेले.

हळद स्पिरिटने निघत नाही, पसरते. सांगलीत जन्मलेल्या मुलीला हे माहीत असायला नको? कोरड्या कापडाने पुसलं असतं तरी निभावलं असतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दोन दिवसांनी शेवटची तपासणी होती. दिवे बंद करून जांभळा दिवा फिरवायचा. साध्या उजेडात न दिसणारी धूळ आणि तंतू त्यात चमकतात. भटजी हळूहळू दिवा फिरवत होते, मी वही धरून मागे उभी. आणि डब्याच्या कडेवर पिवळं-हिरवं काहीतरी उजळलं. मग एका स्क्रूवर. मग दुसऱ्या. मग आठही स्क्रूंवर. हळद त्या दिव्यात चमकते, हे मला त्या क्षणी कळलं. 

भटजींनी दिवा स्वतःच्या हातमोज्यांवर धरला. हातमोजे बदललेले, स्वच्छ होते. मग पान्यावर धरला. अख्खी मूठ लखलखली. त्यांनी दिवा खाली ठेवला. 

"माझ्या पान्यावरून आलंय," ते म्हणाले. "माझ्या हातांनी." आणि वही माझ्याकडून घेऊन 'चूक' या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहायला लागले.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मी गप्प राहिले. एकच क्षण, पण राहिले. मग त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कागदावर उमटताना बघवेना. "थांबा," मी म्हटलं, "ती मी लावलीय."

बाहेर येऊन सगळं सांगितलं. वर्कशॉप, बाबा, लेथ, झेंडू. माझं जर्मन त्या दिवशी पार कोलमडलं होतं. भटजी माझ्या रडण्याकडे न बघता ऐकत होते.

"दरवर्षी?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी."

"सगळ्या हत्यारांना?"

"हो. त्यांचे आभार मानायचे. आणि त्या दिवशी ती वापरायची नाहीत. त्यांची सुटी असते."

त्यांनी पान्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण मी वापरला. त्याच दिवशी. सव्वाबारा वाजता."

हसावं की रडावं कळेना मला. इथे माझ्यामुळे त्यांचं घर बुडायची वेळ, आणि हा माणूस आमचा नियम आपल्याकडून मोडला म्हणून अस्वस्थ झालेला! त्यांनी वहीत स्वतःच्या नावाचं ते अर्धं अक्षर खोडलं, माझं नाव घातलं, कारण लिहिलं: हळद, भारत. हळदीची पुडी आणि कुंकवाची डबी एका पिशवीत सीलबंद करून वर क्रमांक घातला आणि कपाटात कुलपात ठेवली. पुरावा म्हणून.

आता तुम्हाला वाटेल, सगळं उघडून पुसताना आत एखादा खराखुरा ढिला स्क्रू सापडला असेल आणि माझ्या हळदीनेच उपग्रह वाचला असेल. तसं काही झालं नाही. सगळे स्क्रू घट्ट होते, भटजींचेच होते ते. उघडणं, धुणं, भट्टीत तापवणं, पुन्हा चाचण्या, यात तीन आठवडे गेले. रॉकेटवाल्यांनी सभ्यपणे कळवलं, तुम्ही या वेळी राहू द्या, पुढच्या वेळी या. पुढची वेळ म्हणजे वसंत ऋतू. तोवर भटजींचा डिसेंबर कधीच मागे पडलेला असणार होता.

तो निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केक नेला. बदाम घालून, दोन तास खपून केलेला. सगळ्यांनी खाल्ला. भटजींनी आपला तुकडा 'डांके' म्हणून घेतला, जेवणाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. एक घास खाल्ला नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला. रविवारी आईला सगळं सांगितलं, पण या वेळी ती हसली नाही. मग म्हणाली, "भटजींची क्षमा माग गं बाई. माझीही सांग."

सांगितली. भटजी म्हणाले, "आईंना सांगा, हळद उत्तम प्रतीची होती. तीन वेळा धुतली तरी दिसत होती."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी डबा पेटीत भरला. एकट्याने, दार लावून. डब्याला अकरा लाल पट्ट्या होत्या. प्रवासात नाजूक भागांवर झाकणं असतात, त्यांना या कापडी पट्ट्या लावतात, उड्डाणापूर्वी काढा म्हणून. एक जरी विसरली तरी गेलं सगळं. पेटी बंद झाल्यावर त्यांनी यादी माझ्या हातात दिली. "अकरा गेल्या. अकरा परत आल्या पाहिजेत. काढायच्या तुम्ही." विमानात न बसणारा माणूस भारतात कुठून जाणार! निरोपाच्या कॉफीला प्रोफेसर वीस मिनिटं बोलले. भटजी दोन वाक्यं बोलले: "दार बंद ठेवत जा. आभारी आहे." मग जुडग्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी हळूच विचारलं, माझी कुंकवाची डबी? म्हणाले, "ती पुराव्यात आहे."

एप्रिलमध्ये मी आणि प्रोफेसर भारतात, समुद्रकाठच्या त्या उड्डाणतळावर पोचलो. घामाच्या धारा. आमच्या पाठोपाठ उशीरही पोचला. आधी वारा, मग मोठ्या उपग्रहाची कसली केबल, मग पुन्हा वारा. उलटी मोजणी सुरू व्हायची आणि थांबायची. प्रोफेसरांनी तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "इथे केक कुठे मिळेल?"

पण त्याआधी, डबा रॉकेटवर चढवण्यापूर्वी, तिथल्या तपासणीच्या बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, कडक, चष्मा नाकावर. दिवे बंद झाले आणि त्यांनी जांभळा दिवा फिरवला. डबा काळा, स्वच्छ. मी श्वास सोडणार तोच त्यांनी खालच्या बाजूची अकरावी लाल पट्टी उलटली आणि ती चमकली. एक गोल, पिवळा-हिरवा, बोटाच्या टोकाएवढा.

 पुन्हा? पेटी भरताना मी तर जवळही नव्हते! बाईंनी दिवे लावले. पट्टीच्या मागच्या बाजूला हळदीचं एक बोट होतं, त्यावर कुंकवाचं. दोन्हींवर पारदर्शक टेप, चारी कडा दाबून पक्की केलेली, एक कण बाहेर पडणार नाही अशी. खाली शाईने भटजींचं अक्षर. प्रोफेसरांनी वाचलं आणि मला कळलं नसेल असं वाटून इंग्रजीत सांगायला लागले, पण मला कळलं होतं. लिहिलं होतं: 'ही सोबत उडत नाही.'

बाईंनी पट्टी चष्म्याजवळ नेली. "ये तो हल्दी है!" आणि त्या कडक बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. "हम लोग नारियल बाहर फोड़ते हैं. आपके जर्मनवाले तो अंदर पूजा करके भेजते हैं!"

मी मात्र रडत होते. सगळा उपग्रह डोळ्यांसमोर आणून, नियमाच्या प्रत्येक ओळीतून बोट फिरवून, त्या माणसाने हळदकुंकू लावता येईल अशी एकच जागा शोधून काढली होती. जी वर जाणार नाही, जी मीच काढणार, जी माझ्याच हातात येणार. आणि त्यासाठी सीलबंद पुरावा उघडला होता. अकराही पट्ट्या मी माझ्या हातांनी काढल्या, दोनदा मोजल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या.

शेवटी वारा पडला आणि एका सकाळी एकदाचं घोडं गंगेत न्हालं. जमीन थरथरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी 'मोरया' ओरडले, प्रोफेसरही काहीतरी ओरडले. मग वाट पाहणं. डबा जर्मनीवरून पहिल्यांदा जाईल तेव्हाच कळणार होतं, तो जिवंत आहे की नाही. आम्ही कॅन्टीनमध्ये इडलीकडे बघत बसलो. शेवटी प्रोफेसरांचा फोन वाजला. संस्थेतून. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"बोलतोय," ते मला म्हणाले. "आपला डबा बोलतोय. पण आपल्याला उशीर झाला."

झालं होतं असं. भटजींचा गावाबाहेर टेकडीवर एक श्रेबरगार्टन होता, म्हणजे भाडेपट्ट्याचा बगिचाचा तुकडा, एक लाकडी खोपटं आणि रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचे वाफे. निवृत्तीनंतरच्या चार महिन्यांत त्यांनी तिथे स्वतः अँटेना उभारला होता. संस्थेची इमारत खोलगट भागात, त्यामुळे पश्चिमेकडून येणारा डबा गच्चीवरच्या अँटेनाला दिसायला थोडा वेळ लागायचा. टेकडीवर तो आधी दिसायचा. चाळीस सेकंद आधी. हे गणित त्यांनी कधी केलं असेल देव जाणे. त्यांनी आवाज ऐकला, घड्याळातली वेळ लिहिली, आणि संस्थेला आधीच लावून ठेवलेल्या फोनवर म्हणाले, "थांबा, आता तुम्हालाही ऐकू येईल."

मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेची बेल वाजली. दारात भटजी, इस्त्रीचा शर्ट, हातात फडक्याने झाकलेला ट्रे. अडतीस वर्षं त्या दाराची किल्ली बाळगलेला माणूस बेल वाजवून उभा होता, कारण आता कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव नव्हतं. आत यायला सांगितलं तरी राइनराउमच्या बाजूला गेले नाहीत, थेट कॉफीच्या खोलीत आले. प्रोफेसरांनी लॉगबुक आणली. त्यांनी पहिलं पान उघडून स्वतःचाच नियम नीट वाचला, मग शेवटचं पान उघडलं, वेळ लिहिली आणि आखलेल्या ओळीवर सही केली. सावकाश. शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.

मी अकरा पट्ट्या टेबलावर मांडल्या. त्यांनी मोजल्या. अकराव्या पट्टीवर त्यांचं बोट जरासं थांबलं. "गेनाऊ, बरोबर," ते म्हणाले. "अकरा."

मग फडकं काढलं. आत रुबार्बचा केक. सगळे गडबडले. कुणाचा वाढदिवस? सहीचा आनंद म्हणून?

"नाइन," भटजी म्हणाले. "इथे केक कशाबद्दल असतो ते तुम्हाला माहीत आहे."

 अडतीस वर्षांतली पहिली चूक! प्रोफेसरांनी विचारलं, "कसली चूक? कुठे?"

"नोंद न करता एका पट्टीत बदल केला," ते म्हणाले. "आणि पुरावा उघडला." एवढं बोलून चाकूने केक कापायला लागले. आठ तुकडे. खिशातून एक छोटी पिशवी काढून माझ्यापुढे सरकवली. आत माझी कुंकवाची डबी होती. मग पहिला तुकडा माझ्या बशीत ठेवला आणि दुसरा स्वतः घेतला. मी खायला लागले. केक जरा आंबट होता. भटजींनी माझ्याकडे पाहिलं, आपला तुकडा शेवटच्या कणापर्यंत संपवला आणि म्हणाले, "शंकरपाळ्या जास्त चांगल्या होत्या."